व्हिडिओ संपादनासाठी बाह्य हार्ड डिस्कची जोडणी

बाह्य हार्ड डिस्कची जोडणी म्हणजे संगणकाबाहेर ठेवलेले साठवण उपकरण आणि संगणक यांच्यात डेटाची ने-आण करणारी व्यवस्था होय. संगणकावरील पोर्ट, केबल, डिस्कच्या पेटीतील नियंत्रक परिपथ आणि या सर्वांनी पाळायचा संदेशवहनाचा नियमसंच यांचा तिच्यात समावेश होतो. यूएसबी, थंडरबोल्ट, फायरवायर आणि ई-साटा या अशा प्रमुख जोडण्या असून त्यांपैकी शेवटच्या दोन आता जुन्या संगणकांवरच आढळतात.

व्हिडिओ संपादनात या जोडणीला विशेष महत्त्व आहे. लिखित मजकूर किंवा छायाचित्रे उघडताना डेटा उशिरा पोहोचला, तर काही क्षण थांबावे लागते, एवढेच. चालत्या चित्राची प्रत्येक फ्रेम मात्र ठरलेल्या क्षणीच पोहोचावी लागते. ती न पोहोचल्यास चित्र अडखळते, फ्रेम गळतात आणि आवाज व चित्र यांचा मेळ बिघडतो. तथापि सर्वांत वेगवान जोडणी घेतली म्हणजे काम वेगाने होते, असे नाही. डिस्क, जोडणी, केबल आणि संगणक यांच्या साखळीतील सर्वांत मंद कडी संपूर्ण साखळीचा वेग ठरवते. त्यामुळे कोणत्या कामाला किती वेग लागतो आणि डिस्क मुळात किती वेग देऊ शकते, हे पाहूनच जोडणी निवडावी लागते.

## पार्श्वभूमी

व्हिडिओच्या फाइली आकाराने मोठ्या असतात. लॅपटॉपमधील अंतर्गत साठवण बहुधा मर्यादित असते आणि त्यात संगणक प्रणाली, संपादनाची आज्ञावली व तात्पुरत्या फाइली यांनाही जागा द्यावी लागते. म्हणून मूळ चित्रण बाह्य डिस्कवर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. एका संगणकावर सुरू केलेले काम दुसऱ्या संगणकावर नेता येणे, प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र डिस्क ठेवता येणे आणि काम संपल्यावर ती जपून ठेवता येणे, हे या पद्धतीचे आणखी काही लाभ होत.

संपादनाच्या काळात बाह्य डिस्कवर तीन प्रकारचा भार पडतो. पहिला प्रकार सलग वाचनाचा. एकच चित्रफीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहताना तो पडतो. दुसरा विखुरलेल्या वाचनाचा. टाइमलाइनवर अनेक थर असतील किंवा एकाच प्रसंगाचे अनेक कॅमेऱ्यांतील चित्रण एकत्र पाहायचे असेल, तर डिस्कच्या निरनिराळ्या भागांतून एकाच वेळी डेटा घ्यावा लागतो. तिसरा प्रकार लेखनाचा; कॅमेऱ्याच्या कार्डावरील फाइली उतरवून घेताना आणि तयार चित्रपट निर्यात करताना तो पडतो. एखादी डिस्क पहिल्या कामात पुरेशी ठरूनही दुसऱ्या कामात अपुरी पडू शकते.

## वेगाची एकके

जोडणीचा वेग सामान्यतः बिटमध्ये सांगितला जातो, तर डिस्कचा वेग आणि फाइलचा आकार बाइटमध्ये सांगतात. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून दर सेकंदाला ४८० मेगाबिट असा वेग सांगितलेल्या जोडणीतून जास्तीत जास्त ६० मेगाबाइट जाऊ शकतात. खोक्यावरील बिटचा आकडा बाइटचा समजल्यास अपेक्षा आठपट वाढते आणि खरेदीचा निर्णय चुकतो.

प्रत्यक्ष वेग या भागाकारापेक्षाही कमी असतो. तारेतून डेटा पाठवताना त्याच्यासोबत काही अतिरिक्त बिट पाठवावे लागतात. यूएसबी ३.० मध्ये प्रत्येक ८ बिटांसाठी १० बिट पाठवले जातात. त्यामुळे ५ गिगाबिटच्या नाममात्र वेगातून ६२५ नव्हे, तर ५०० मेगाबाइटच उरतात. त्यातूनही आज्ञा आणि पोहोच यांच्या देवाणघेवाणीत काही भाग खर्च होतो आणि वापरणाऱ्याच्या हाती सुमारे ४०० ते ४५० मेगाबाइट लागतात. यूएसबी ३.१ च्या १० गिगाबिट प्रकारात १२८ बिटांसाठी १३२ बिट पाठवण्याची काटकसरीची पद्धत स्वीकारल्याने हा तोटा बराच कमी झाला.

## व्हिडिओचा डेटादर

एका सेकंदाच्या चित्रासाठी लागणाऱ्या डेटाच्या प्रमाणास डेटादर म्हणतात. तो चित्रबिंदूंची संख्या, दर सेकंदाच्या फ्रेम, रंगांची खोली आणि संक्षेपणाची पद्धत यांवर अवलंबून असतो. पुढील तक्त्यात दर सेकंदाला २५ फ्रेम या भारतातील दूरचित्रवाणीच्या प्रमाणानुसार काही प्रकारांचे अंदाजे दर दिले आहेत. असंक्षेपित प्रकारांत केवळ चित्रबिंदूंचा हिशेब धरला आहे.

| व्हिडिओचा प्रकार | दर सेकंदाला मेगाबाइट | दर तासाला गिगाबाइट |
|---|---|---|
| डीव्ही टेप, ध्वनीसह | ३.६ | १३ |
| फोर-के, कॅमेऱ्यातच संक्षेपित, १०० मेगाबिट | १२.५ | ४५ |
| पूर्ण एचडी, प्रोरेस ४२२ | १५ | ५५ |
| अल्ट्रा एचडी, प्रोरेस ४२२ | ६२ | २२१ |
| अल्ट्रा एचडी, प्रोरेस ४२२ एचक्यू | ९२ | ३३२ |
| पूर्ण एचडी, असंक्षेपित, ८ बिट ४:२:२ | १०४ | ३७३ |
| अल्ट्रा एचडी, असंक्षेपित, १० बिट ४:२:२ | ५१८ | १८६६ |

या तक्त्यातील दुसरी ओळ लक्षणीय आहे. मोबाइल आणि साधे कॅमेरे फोर-के चित्रण एच.२६४ किंवा एचईव्हीसी या पद्धतींनी अतिशय संक्षेपित करून साठवतात. अशा फाइलींना डिस्ककडून फारसा वेग लागत नाही. त्यांतील बहुतेक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेल्या नसतात. मागच्या-पुढच्या फ्रेमशी असलेला फरक तेवढा नोंदवलेला असतो. मधलीच एखादी फ्रेम दाखवायची असल्यास प्रोसेसरला तिच्या शेजारच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात. त्यामुळे असे चित्र टाइमलाइनवर अडखळत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरकडे किंवा ग्राफिक्स परिपथाकडे असतो आणि महागडी डिस्क घेऊनही तो दूर होत नाही. प्रोरेससारख्या संपादनयोग्य प्रकारांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. तेथे प्रोसेसरचा भार घटतो आणि तोच भार डिस्क व जोडणी यांच्यावर येतो.

## साठवण माध्यमाच्या मर्यादा

### फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क

चुंबकीय हार्ड डिस्कमध्ये फिरणाऱ्या तबकडीवरून एक शीर्ष डेटा वाचते. दर मिनिटाला ७२०० फेरे घेणारी ३.५ इंची आधुनिक डिस्क सलग वाचनात दर सेकंदाला साधारणपणे २०० ते २५० मेगाबाइट देते. लॅपटॉपसोबत वापरल्या जाणाऱ्या २.५ इंची लहान डिस्कचा वेग बहुधा १०० ते १४० मेगाबाइट असतो. तबकडीच्या बाहेरच्या वर्तुळांची लांबी जास्त असल्याने तेथे एका फेऱ्यात जास्त डेटा वाचला जातो. आतल्या वर्तुळांवर हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. डिस्क सहसा बाहेरून आत भरत जाते. म्हणून नवी असताना वेगवान वाटणारी डिस्क भरत आल्यावर मंद भासते.

शीर्षाला एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्यास आणि अपेक्षित भाग शीर्षाखाली येण्यास मिळून सरासरी १० मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. एकच फाइल सलग वाचताना हा वेळ जाणवत नाही. चार कॅमेऱ्यांचे चित्रण एकत्र वाचताना मात्र शीर्षाला सतत चार ठिकाणी धावावे लागते आणि डिस्कचा उपयुक्त वेग झपाट्याने खाली येतो. अशा वेळी जोडणी बदलून काहीही साधत नाही, कारण अडथळा डिस्कच्या आतच असतो.

### सॉलिड स्टेट ड्राइव्ह

सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणजे एसएसडी. तिच्यात फिरणारा भाग नसतो. हव्या त्या जागेवरचा डेटा ती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहूनही लवकर देते. साटा प्रकारच्या एसएसडीचा वेग सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत असतो, कारण साटा जोडणीचीच कमाल मर्यादा ६०० मेगाबाइट आहे. एनव्हीएमई प्रकारातील एसएसडी पीसीआय एक्सप्रेस मार्गाने जोडल्या जातात. या मार्गाच्या तिसऱ्या पिढीतील एसएसडी सुमारे ३५०० मेगाबाइट आणि चौथ्या पिढीतील सुमारे ७००० मेगाबाइटपर्यंत वेग देऊ शकतात.

खोक्यावर छापलेला हा वेग दीर्घकाळ टिकतोच असे नाही. अनेक एसएसडी आपल्या स्मृतीचा काही भाग वेगवान तात्पुरत्या साठ्यासारखा वापरतात. तो भरला की लेखनाचा वेग एकदम घसरतो. उपकरण तापल्यावरही नियंत्रक स्वतःहून वेग कमी करतो. काही मिनिटांच्या चाचणीत उत्तम ठरलेली ड्राइव्ह शेकडो गिगाबाइट चित्रण उतरवताना म्हणूनच निराशा करू शकते.

### अनेक डिस्कचा संच

एकापेक्षा अधिक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीस रेड म्हणतात. रेड ० मध्ये डेटा सर्व डिस्कवर वाटला जातो. त्यामुळे वेग वाढतो, परंतु एक डिस्क बिघडली तरी सर्व डेटा जातो. रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकच डेटा असतो. रेड ५ मध्ये किमान तीन डिस्क लागतात. त्यांतील एक बिघडल्यास उरलेल्या डिस्कवरून डेटा पुन्हा उभा करता येतो. चार डिस्कचा रेड ५ संच सलग वाचनात सुमारे ६०० मेगाबाइट देऊ शकतो. जोडणीचा वेग खऱ्या अर्थाने महत्त्वाचा ठरू लागतो, तो येथून पुढे.

## जोडण्यांचा इतिहास आणि प्रकार

### स्कझी आणि फायरवायर

१९८० आणि १९९० च्या दशकांत मॅकिंटॉश संगणकांना बाह्य डिस्क स्कझी पद्धतीने जोडल्या जात. या पद्धतीत प्रत्येक उपकरणाला वेगळा क्रमांक द्यावा लागे, साखळीच्या शेवटी टर्मिनेटर बसवावा लागे आणि जोडणी करताना उपकरणे बंद ठेवावी लागत.

फायरवायरची सुरुवात ॲपल कंपनीने केली. १९९५ साली आयईईई १३९४ या नावाने ते प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. सोनी कंपनीने तेच आय.लिंक या नावाने आपल्या कॅमेऱ्यांत वापरले. त्याचा वेग ४०० मेगाबिट होता आणि एका जाळ्यात ६३ पर्यंत उपकरणे जोडता येत. ठरलेल्या कालावधीत ठरलेला डेटा पोहोचवण्याची सोय या पद्धतीत असल्याने डीव्ही कॅमेऱ्यातील चित्रण न अडखळता संगणकात घेता येऊ लागले. १९९९ साली आलेल्या फायनल कट प्रो आणि आयमूव्ही या आज्ञावल्यांच्या प्रसारात या जोडणीचा मोठा वाटा होता. दूरचित्रवाणी उद्योगावरील प्रभावाबद्दल फायरवायरला २००१ साली अभियांत्रिकीचा प्राइमटाइम एमी पुरस्कार मिळाला. पुढे ८०० मेगाबिट वेगाचे फायरवायर ८०० आले.

फायरवायर ४०० आणि यूएसबी २.० यांची तुलना उद्बोधक आहे. कागदावर यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे अधिक होता. तरीही डिस्कच्या कामात फायरवायर बहुधा सरस ठरे. यूएसबी २.० मध्ये प्रत्येक देवाणघेवाणीला संगणकानेच सुरुवात करावी लागते आणि त्यात वेळ व प्रोसेसरची शक्ती खर्च होते. फायरवायरची उपकरणे संगणकाच्या स्मृतीशी बरीचशी थेट देवाणघेवाण करीत. केवळ नाममात्र आकडा पाहून जोडणी निवडणे किती फसवे असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

### यूएसबी

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. ती कीबोर्ड, माउस, प्रिंटर अशा उपकरणांसाठी होती. २००० सालच्या यूएसबी २.० मुळे बाह्य डिस्क घरोघरी पोहोचल्या, परंतु तिचा प्रत्यक्ष वेग ३० ते ४० मेगाबाइटच होता. आजची साधी हार्ड डिस्कही त्याहून तिप्पट वेगवान असल्याने यूएसबी २.० हीच तिच्यासाठी अडथळा ठरते.

२००८ साली जाहीर झालेल्या यूएसबी ३.० ने हे चित्र बदलले. एका फिरत्या डिस्कला लागतो त्याच्या दुपटीहून अधिक वेग तिने स्वस्तात उपलब्ध करून दिला. यूएसबी ३.० च्या आयताकृती पोर्टमधील प्लॅस्टिकची पट्टी बहुधा निळी असते. तिच्यासोबत यूएएसपी हा नवा नियमसंचही रूढ झाला. जुन्या पद्धतीत डिस्कला एका वेळी एकच आज्ञा देता येई. यूएएसपीमध्ये अनेक आज्ञा एकत्र देता येतात. एसएसडीसाठी पेटी निवडताना तिला यूएएसपीचा आधार आहे का, हे पाहणे म्हणून उपयुक्त असते.

### ई-साटा

२००४ साली प्रमाणित झालेल्या ई-साटामध्ये संगणकाच्या आत वापरली जाणारी साटा जोडणीच बाहेर आणली होती. मधे कोणतेही रूपांतर नसल्याने डिस्कचा पूर्ण वेग मिळे. मात्र या केबलमधून डिस्कला वीज मिळत नसे. यूएसबी ३.० आल्यानंतर ई-साटा मागे पडले.

### थंडरबोल्ट

इंटेल कंपनीने ॲपलच्या सहकार्याने विकसित केलेली थंडरबोल्ट जोडणी २०११ साली मॅकबुक प्रोमध्ये प्रथम आली. तिच्यातून पीसीआय एक्सप्रेस आणि डिस्प्लेपोर्ट असे दोन्ही संकेत वाहतात. त्यामुळे डिस्कचे संच, पडदे आणि चित्रग्रहणाची उपकरणे एकामागोमाग एक जोडता येतात. अशा साखळीत सहा उपकरणे चालतात. पहिल्या दोन पिढ्यांचे पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्टच्या आकाराचे होते. २०१५ साली आलेल्या थंडरबोल्ट ३ ने टाइप-सी आकार स्वीकारला आणि वेग ४० गिगाबिटवर नेला. मात्र त्यातील सुमारे २२ गिगाबिटच साठवणीसाठी उपलब्ध असतात; उरलेला भाग पडद्यांसाठी राखलेला असतो.

### संगणक जाळे

अनेक संपादकांना तेच चित्रण हवे असेल, तर डिस्क एका संगणकाला न जोडता जाळ्यात ठेवतात. साध्या गिगाबिट इथरनेटमधून सुमारे ११० मेगाबाइट वेग मिळतो. तो संक्षेपित फाइलींना पुरतो. १० गिगाबिट इथरनेटमधून सुमारे ११०० मेगाबाइटपर्यंत वेग मिळू शकतो.

### तुलना

| जोडणी | वर्ष | नाममात्र वेग | प्रत्यक्ष वेग, मेगाबाइट (अंदाजे) |
|---|---|---|---|
| फायरवायर ४०० | १९९५ | ४०० मेगाबिट | ३५–४० |
| यूएसबी २.० | २००० | ४८० मेगाबिट | ३०–४० |
| फायरवायर ८०० | २००२ | ८०० मेगाबिट | ७०–८५ |
| ई-साटा | २००४ | ३ गिगाबिट | २५० |
| यूएसबी ३.० | २००८ | ५ गिगाबिट | ४००–४५० |
| यूएसबी ३.१, दुसरी पिढी | २०१३ | १० गिगाबिट | ९००–१००० |
| थंडरबोल्ट २ | २०१३ | २० गिगाबिट | १३००–१४०० |
| थंडरबोल्ट ३ | २०१५ | ४० गिगाबिट | २५००–२८०० |
| यूएसबी ३.२, दोन मार्गिका | २०१७ | २० गिगाबिट | १८००–२००० |
| यूएसबी ४ | २०१९ | ४० गिगाबिट | ३००० किंवा अधिक |
| थंडरबोल्ट ४ | २०२० | ४० गिगाबिट | २८००–३००० |
| थंडरबोल्ट ५ | २०२३ | ८० गिगाबिट | ६००० |

## नावांचा आणि केबलचा गोंधळ

२०१४ साली आलेला टाइप-सी हा पोर्टचा आकार आहे. तो वेग नव्हे. २४ पिनांच्या या एकाच आकारातून यूएसबी २.० पासून थंडरबोल्ट ५ पर्यंत कोणतीही जोडणी चालू शकते. त्यामुळे टाइप-सी ड्राइव्ह एवढ्या वर्णनावरून तिच्या वेगाबद्दल काहीच समजत नाही.

नावांनीही या संभ्रमात भर घातली. यूएसबी ३.० चे नामकरण पुढे यूएसबी ३.१ पहिली पिढी आणि नंतर यूएसबी ३.२ पहिली पिढी असे झाले. वेग मात्र ५ गिगाबिटच राहिला. म्हणून यूएसबी ३.२ असे लिहिलेली वस्तू ५, १० किंवा २० गिगाबिट यांपैकी कोणत्याही वेगाची असू शकते. अलीकडे वस्तूंवर थेट ५, १०, २०, ४० असे गिगाबिटचे आकडे छापण्याचा प्रघात पडत असून तोच पाहणे श्रेयस्कर ठरते. २० गिगाबिटची दोन मार्गिकांची यूएसबी ३.२ जोडणी सर्व संगणकांवर उपलब्ध नाही. ती नसलेल्या संगणकावर तशी ड्राइव्ह सामान्यतः १० गिगाबिटने चालते आणि जादा मोजलेली किंमत वाया जाते.

केबल हीदेखील साखळीतील एक कडी आहे. मोबाइल चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या अनेक टाइप-सी केबलमधून यूएसबी २.० च्याच वेगाने डेटा जातो. आयफोन १५ प्रो हा फोन १० गिगाबिटची जोडणी वापरू शकतो, परंतु त्याच्यासोबत दिलेली केबल यूएसबी २.० ची आहे. अशी केबल लावल्यास वेगवान एसएसडीदेखील जुन्या डिस्कसारखी वागते आणि वापरणारा दोष ड्राइव्हला देतो. वेग जितका अधिक, तितकी साधी केबल आखूड असावी लागते. दोन डिस्क एकाच हबला जोडल्या असता संगणकापर्यंतचा मार्ग त्यांना वाटून घ्यावा लागतो, हेही लक्षात घ्यावे लागते. यूएसबी ३.० च्या केबल आणि पेट्यांमधून २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात गोंगाट निर्माण होऊ शकतो. डिस्क जोडल्यावर बिनतारी माउस अडखळू लागण्यामागे बहुधा हेच कारण असते.

## निवडीची रीत

जोडणी निवडण्यासाठी तीन आकडे काढले जातात: कामाला लागणारा वेग, डिस्कचा टिकाऊ वेग आणि जोडणीचा प्रत्यक्ष वेग. पहिल्यापेक्षा दुसरा आणि दुसऱ्यापेक्षा तिसरा मोठा असावा. तिसरा आकडा दुसऱ्याहून कितीतरी मोठा असेल, तर जोडणीसाठी अकारण जादा खर्च होत आहे, असे समजावे.

मोबाइलवरील चित्रण आणि साधा लॅपटॉप. १०० मेगाबिटच्या फोर-के फाइलीला १२.५ मेगाबाइट लागतात. यूएसबी ३.० ने जोडलेली साधी २.५ इंची डिस्क त्यास पुरते. तीच डिस्क थंडरबोल्टच्या पेटीत बसवली तरी तिचा वेग वाढत नाही. केवळ यूएसबी २.० पोर्ट असलेल्या जुन्या संगणकावरही अशी एखादी फाइल चालू शकते. खरा फरक फाइली उतरवताना पडतो. २५६ गिगाबाइटचे भरलेले कार्ड ३५ मेगाबाइटच्या वेगाने उतरवण्यास सुमारे दोन तास लागतात, तर १२० मेगाबाइटच्या वेगाने सुमारे ३६ मिनिटे.

चार कॅमेऱ्यांचे चित्रण. अल्ट्रा एचडी प्रोरेस ४२२ चे चार प्रवाह एकत्र पाहण्यास सुमारे २४६ मेगाबाइट लागतात आणि वाचन विखुरलेले असते. एकटी फिरती डिस्क येथे कोणत्याही जोडणीने पुरी पडत नाही. साटा एसएसडी मात्र यूएसबी ३.० वरही हे काम करू शकते. दुसरा मार्ग प्रॉक्सीचा आहे. मूळ फाइलींच्या कमी आकाराच्या प्रती करून त्यांवर संपादन करतात आणि निर्यातीच्या वेळी मूळ फाइली वापरतात. पूर्ण एचडी प्रोरेस प्रॉक्सीचे चार प्रवाह मिळून २० मेगाबाइटही घेत नाहीत. त्यामुळे नवी ड्राइव्ह न घेता, असलेल्या डिस्कवरच काम होऊ शकते.

डिस्कचा संच किंवा एनव्हीएमई. चार डिस्कच्या रेड ५ संचास यूएसबी ३.० अपुरी पडते. १० गिगाबिटची यूएसबी पुरते. असंक्षेपित अल्ट्रा एचडीचे अनेक थर, कॅमेऱ्याच्या रॉ फाइली किंवा रंगसंस्करण यांसाठी एनव्हीएमई एसएसडी अथवा मोठा संच वापरला जातो. थंडरबोल्ट किंवा यूएसबी ४ वर केलेला खर्च अशा ठिकाणी सार्थकी लागतो.

## वीज आणि फाइल प्रणाली

यूएसबी २.० पोर्टमधून २.५ वॉट आणि यूएसबी ३.० पोर्टमधून ४.५ वॉट वीज मिळण्याची तरतूद आहे. २.५ इंची डिस्क त्यावर चालते. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टचा पुरवठा लागतो. म्हणून तिला स्वतंत्र अडॅप्टर असतो. वीज वारंवार जात असेल, तर अशी डिस्क यूपीएसवर ठेवणे आवश्यक असते, कारण लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला तरी डिस्क बंद पडते आणि लिहिली जात असलेली फाइल निकामी होऊ शकते.

डिस्कवरील फाइल प्रणालीही पारखून घ्यावी लागते. एफएटी३२ मध्ये एका फाइलचा आकार ४ गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे ती व्हिडिओसाठी गैरसोयीची आहे. एनटीएफएस विंडोजवर उत्तम चालते, परंतु मॅकओएस तिच्यावरील फाइली मूलतः फक्त वाचू शकते. एपीएफएस ही ॲपलच्या प्रणालींसाठी आहे. एक्सफॅट दोन्हींवर वाचता-लिहिता येते. मात्र बदलांची आगाऊ नोंद ठेवण्याची सोय तिच्यात नसल्याने केबल अचानक निघाल्यास नुकसानीची शक्यता अधिक असते. म्हणून डिस्क काढण्यापूर्वी ती प्रणालीतून रीतसर वेगळी करावी लागते.

## सुरक्षितता आणि प्रती

जोडणीचा वेग आणि डेटाची सुरक्षितता या भिन्न बाबी आहेत. वेगवान एसएसडीदेखील पूर्वसूचनेशिवाय बंद पडू शकते. फिरती डिस्क चालू असताना पडल्यास तिचे शीर्ष तबकडीवर आदळू शकते. रेड ५ संच एका डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देतो. चुकून पुसलेली फाइल, चोरी किंवा आग यांपासून देत नाही. म्हणून रेड म्हणजे बॅकअप नव्हे.

डिजिटल छायाचित्रणाच्या क्षेत्रात पीटर क्रोग यांनी प्रचलित केलेला ३-२-१ हा नियम व्हिडिओलाही लागू पडतो: डेटाच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील १ प्रत अन्य ठिकाणी असावी. प्रतीसाठीच्या डिस्कला वेगवान जोडणी लागत नाही; यूएसबी ३.० वरील मोठी फिरती डिस्क पुरेशी असते. ठरावीक रकमेत एक महागडी थंडरबोल्ट ड्राइव्ह घेण्याऐवजी कामापुरती एक एसएसडी आणि प्रतींसाठी दोन साध्या डिस्क घेणे बहुतेक विद्यार्थ्यांना आणि छोट्या निर्मात्यांना अधिक हिताचे ठरते. संथ जोडणीमुळे वाया जाणारा वेळ भरून काढता येतो, मात्र पुन्हा न घडणाऱ्या प्रसंगाचे चित्रण एकदा गेले की परत मिळत नाही. कॅमेऱ्याचे कार्ड पुसण्यापूर्वी किमान दोन ठिकाणी प्रत झाल्याची आणि ती उघडत असल्याची खात्री करण्याचा संकेत व्यावसायिक चित्रणात याच कारणाने पाळला जातो.

## हे सुद्धा पहा

* हार्ड डिस्क
* सॉलिड स्टेट ड्राइव्ह
* यूएसबी
* थंडरबोल्ट
* आयईईई १३९४
* रेड
* व्हिडिओ संपादन